वेणी कुणाची उलटी?

आमच्या ह्यांचा उजवा पाय अजून नोकरीवर आहे. माणूस निवृत्त झाला, पाय नाही. उभा जन्म गाडी शिकवण्यात गेला, शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून. आता मी भाजी चिरताना सुरी जरा वाकडी गेली, की सोफ्यावर बसल्याबसल्या ह्यांचा पाय जमिनीवर दाबला जातो. पाठोपाठ तोंड सुटतं, "अगं, बघून!" मी म्हणते, "अहो, दुधी आहे तो, ट्रक नाही."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पडल्यापडल्या ह्यांनी विणकाम धरलं. हसू नका, माझं हसून झालंय. फोनवर विणणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. सगळ्या बायका आणि हे एकटे, म्हणून लगेच नाव पडलं 'मास्तर'. त्यातल्या एका बाईंनी ह्यांना बोट धरून शिकवावं तसं शिकवलं, तेही नुसतं लिहून. फोटोच्या जागी मोरपंखी लोकरीचा गुंडा, म्हणून त्या मोरपंखी ताई. कधी भेट नाही, आवाज ऐकलेला नाही, पण चहाच्या आधी ह्यांना ताईंचा निरोप बघायचा असायचा. कामावरचे दोस्त कामाबरोबरच सुटले होते. उरली होती ती ही एक ताई. मला आधी जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू? मग बरंच वाटलं.

तेव्हाच्या उत्साहात ह्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. गाडीत बसायचे तसे शेजारी बसले आणि पाय दाबत राहिले. मी डावखुरी. माझ्या सुया ह्यांच्या कोपराला लागायच्या. शेवटी म्हणाले, "तुझा हातच उलटा आहे, तुला नाही जमायचं." मी सुया टोपलीत टाकल्या आणि उठले. विषय संपला.

तर झालं असं, की ह्यांनी स्वतः एक स्वेटर रचला. पुढच्या बाजूला मधोमध जाड वेणी, वळण उजवीकडे. टाक्याटाक्यानिशी कृती लिहून ग्रुपवर टाकली. मोरपंखी ताईंनी ती हौसेनं विणायला घेतली आणि अर्ध्या स्वेटरचा फोटो टाकला. वेणी डावीकडे वळलेली.

ह्यांचा पाय दाबला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि बोटांनी लिहिलं, सगळ्यांच्या देखत: "वेणी उलटी आहे. पहिल्यापासून चुकलंय. सगळं उसवा."

ताईंनी लिहिलं, "मास्तर, माझी अशीच येते हो."

"अशीच येते म्हणजे? चूक ती चूक. इतकी वर्षं विणताय, उलटसुलट कळत नाही?"

अगं बाई! मग जे काय पेटलं! निम्म्या बायका म्हणाल्या, मास्तरांचं बरोबर आहे. निम्म्या म्हणाल्या, हा कोण टिकोजीराव? एकीनं मध्येच गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकला, तो का, ते तिचं तिला ठाऊक. ग्रुप सांभाळणारी मॉनिटरबाई "शांत व्हा, शांत व्हा" करत होती. त्या गदारोळात एक बारीक ओळ आली: मोरपंखी यांनी ग्रुप सोडला.

हे त्या ओळीकडे बघतच राहिले. "पण मी खोटं काय बोललो?"

हा प्रश्न मग घरात मुक्कामालाच आला. दात घासताना तोच, जेवताना तोच. "वेणी उलटी होती की नाही? होती. मग? आणि त्यांनीच मला शिकवलं ना? मग त्यांनाच कशी चुकेल? काही कळत नाही बघ." खरं सांगायचं तर मलाही कळेना. बोलले ते तुसडं होतं हे दिसत होतं, पण वेणी तर खरंच उलटी दिसत होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ह्यांच्या सुया तशाच पडून राहिल्या. सकाळी फोन उचलायचे, बघायचे आणि पालथा ठेवायचे. ते मात्र मला बघवेना.

"माफी मागा," मी म्हटलं.

"कशाची ते कळू दे, मागतो."

तरी एक मसुदा केला. 'कुणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व.' मी म्हटलं, "असेल तर? बाई घर सोडावं तशी ग्रुप सोडून गेली, अजून 'असेल तर'?" दुसरा केला. 'माझं बोलणं चुकलं, पण कृती सगळ्यांनी सारखीच पाळायला हवी.' मी कपाळावर हात मारला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! "अहो, माफी जरा कुठे निघाली की तुमचा 'पण' ब्रेक लावतो."

"पण वेणी—"

"आणा तो फोन इकडे!"

चिडूनच फोटो मोठा करून पाहिला. वेणीकडे नाही, आजूबाजूला पाहिलं. चहाच्या कपाचा कान डावीकडे. कात्री डावीकडे. लोकरीचा गुंडाही डावीकडेच. माझं ताट वाढलं की पाण्याचा पेला असतो ना, त्याच बाजूला सगळं. 

"अहो, ही बाई डावखुरी आहे."

"मग?"

ह्यांना ओढत कपाटाच्या आरशापुढे नेलं आणि फोन आरशासमोर धरला. आरशात वेणी उजवीकडे वळली. ह्यांचीच वेणी, टाक्याला टाका. डाव्या हातानं तीच कृती केली की उलटीच येणार, चूक कुठेच नव्हती. जन्मभर ज्या माणसानं शिकणाऱ्यांच्या मागे 'आधी आरसा बघा' म्हणून टुमणं लावलं, तो आरशापुढे तोंड उघडं टाकून उभा होता.

मग ह्यांनी एका दमात लिहिलं. 'मोरपंखी ताईंची वेणी बरोबर होती. मी आरसा न बघता ब्रेक दाबला. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो.' त्यात 'पण' नव्हता, मी शोधला. ग्रुपवर टाकलं आणि ताईंनाही पाठवलं.

उत्तर लवकर आलं नाही. आलं तेव्हा ह्यांनी सोफ्यावर बसून मला वाचून दाखवलं.

'दादा, राग नाही. मी त्याच दिवशी सगळं उसवलं. आता पुन्हा सुया हातात घ्यायचं मन होत नाही.'

"उसवलं?" हे म्हणाले. "बरोबर होतं तरी? आणि राग नाही म्हणतात, मग विणत का नाहीत? मी माफी मागितली ना गं?" लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होते. माफी मिळाली होती आणि ताई मिळाल्या नव्हत्या. मला माणसाचा रागही आला आणि दयाही आली.

मग ह्यांनी टोपली ओढली, सुया काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "डाव्या हातानं कसं विणतात, दाखव बरं."

"मला कुठे येतं? माझा हात उलटा आहे ना?"

बोलून गेले आणि माझंच मला नवल वाटलं, की हे अजून माझ्या आत होतं. ह्यांचा चेहरा उतरला. सुया तशाच धरलेल्या.

"चुकलो," म्हणाले.

मी 'पण'ची वाट बघत राहिले. आला नाही. अशा वेळी नवऱ्याला काय म्हणतात, कुणाला माहीत असेल तर सांगा. मी सुया घेतल्या.

ह्यांनी तिथल्या तिथे ताईंना लिहिलं: 'ही माझी बायको. डावखुरी. हिला मी शिकवायला गेलो आणि बिघडवून ठेवली. तुम्ही शिकवाल?'

पडद्यावर 'लिहीत आहे' असं आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. मग ओळ उमटली.

'वहिनी, आधी लोकर डावीकडे घ्या. आणि दादांना शेजारी नका बसवू, समोर बसवा. थांबा जरा, मीही माझ्या सुया आणते.'

हे उठून मुकाट्यानं समोर जाऊन बसले. तिकडे ताई, इकडे मी. दुसऱ्याच टाक्याला माझा टाका सुटला. ह्यांचा पाय जमिनीवर दाबला गेला. तोंड मात्र मिटलेलं राहिलं.