जनसंपर्क शिकलेला आतेभाऊ

तापीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या आमच्या गुजर घराण्यात समोरच्या माणसाला जागच्या जागी गार करण्याची विद्या एकट्या माझ्या आतेभावाला अवगत होती. मी आयुष्यात पुष्कळदा दचकलो आहे. भर दुपारी तापीचं पाणी केळीच्या बागेत शिरलेलं पाहून दचकलो, मास्तर झाल्यावर नकाशाच्या गुंडाळीतून साप निघाला तेव्हा टेबलावर चढलो. पण हे धक्के एकदा बसले आणि ओसरले. आतेभाऊ मात्र वर्षानुवर्षं, सणवार न पाहता, कधीही आवाज न चढवता लोकांना धक्के देत राहिला. वर त्याचा चेहरा असा असे, की ओरडायला उघडलेलं तोंड आपण जांभई दिल्यासारखं करून मिटून घ्यावं. घरात सगळे त्याला ‘भाई’ म्हणत. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, उंच, किडकिडीत, आणि चालताना थोडा पुढे वाकलेला, जणू समोरून येणाऱ्याचं बोलणं त्याला दोन पावलं आधीच ऐकायचं असे.

त्याचा मूळ दोष एवढाच, की खरं असेल ते तो बोलून टाकी, आणि नेमकं ज्याच्यासमोर बोलू नये त्याच्यासमोर बोलून टाकी. त्यात तत्त्वनिष्ठा वगैरे काही नव्हती. खोटं बोलायचं त्याला सुचतच नसे. भाई शाळकरी वयात असताना त्याच्या वडिलांची, म्हणजे आतोबांची, केळीची बाग बघायला सुरतेकडचा एक व्यापारी आला. आतोबांनी त्याला बागेच्या चांगल्या अंगानं फिरवलं, सावलीत बसवून चहा पाजला. व्यापारी उठता उठता म्हणाला, “माल सगळा असाच आहे ना?” आतोबा मान हलवणार एवढ्यात भाई म्हणाला, “नाही, पलीकडच्या चार रांगांना रोग लागलाय. चला, दाखवतो.” आणि खरोखरच त्यानं व्यापाऱ्याच्या हाताला धरून त्या चार रांगा दाखवल्या. आतोबांच्या हातातली बशी कलली ती कललीच राहिली. गंमत अशी, की पुढच्या वर्षापासून तो व्यापारी बांधावर आला की आतोबांना नमस्कार करायच्या आधी विचारी, “भाई कुठे आहे?” त्यानं सांगितल्याशिवाय तो बागेत पाऊल टाकत नसे. आतोबांना मात्र आपल्या पोटी आपल्याच विरुद्धचा साक्षीदार जन्माला आला याचं दुःख कायम राहिलं.

अशा माणसानं मॅट्रिक झाल्यावर एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, जाहीर केलं की मी बडोद्याला जाऊन जनसंपर्काची पदवी घेणार. तिथल्या एका कॉलेजात असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नवाच निघाला होता. त्या काळी आमच्याकडच्या शिकणाऱ्या मुलांना तीनच वाटा ठाऊक होत्या : वकिली, डॉक्टरी आणि मास्तरकी. ‘जनसंपर्क’ हा शब्द पंगतीत पडला आणि सगळे हात ताटातच थांबले. आत्याला वाटलं तो काही स्पर्शानं होणारा रोग असावा. माझ्या वडिलांना वाटलं जनगणनेची नोकरी असेल. भाईनं शांतपणे सांगितलं, “लोकांशी संबंध कसे ठेवावेत, त्यांच्याशी कसं बोलावं, याचं शास्त्र असतं. त्याची पदवी.”

आतोबांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, “लोकेस्ना संगे बोलाले कॉलेज लागस? तुन्ही माय दिनभर ओट्यावर बोलस, तिले कोनी पदवी दिन्ही?”

“आई फक्त बोलते,” भाई म्हणाला. “ऐकत नाही. शास्त्रात दोन्ही येतं.”

आत्या पाटावरून उठून आत गेली. दोन दिवस तिनं शास्त्राप्रमाणे एक शब्दही काढला नाही, आणि तिसऱ्या दिवशी लाडवांचा डबा भरून त्याला नंदुरबारला गाडीत बसवून आली.

तो बडोद्याला गेला तेव्हा बडोदं आणि आमचं गाव एकाच राज्यात होतं. तो परत आला तेव्हा दोन राज्यं झाली होती, त्यामुळे आत्या सगळ्यांना “मन्हा पोऱ्या परराज्यात शिकी उना” असं सांगे. तिथली त्याची पत्रं आम्ही माझ्या वडिलांच्या ओसरीवर मोठ्यानं वाचत असू. एका पत्रात त्यानं परीक्षेची हकिकत लिहिली होती. प्रश्न होता : तुमच्या मालकाचा माल वाईट निघाला आणि लोकांत बोभाटा झाला, तर जनसंपर्क अधिकारी म्हणून तुम्ही काय कराल? बाकीच्या मुलांनी पानंच्या पानं भरली. यानं एक ओळ लिहिली : ‘मालकाला माल सुधारायला सांगेन.’ प्राध्यापकांनी बाजूला लाल शाईनं लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर आहे, पण या उत्तरावर नोकरी मिळणार नाही.’ भाईनं ते शेऱ्यासकट आम्हांला कळवलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर आल्याचा आनंद झाला.’

पदवी घेऊन तो आला त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. वऱ्हाड म्हसावदचं, मोठ्या शेतीवाडीचं आणि नाकानं जरा वरच्या बाजूचं. दुपारची पंगत बसली. मी वाढत होतो, आणि बघतो तो भाई हातात वही-पेन्सिल घेऊन पंगतीतून वाकत वाकत चाललेला. प्रत्येकाला विचारतोय, “जेवण कसं झालंय? मोकळेपणानं सांगा.” मुलीच्या मांडवात असा प्रश्न कुणी विचारतं का? वडील खांबाला धरून उभे होते. पंगतीच्या टोकाला पोचल्यावर त्यानं वही मिटली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, “बऱ्याच पाहुण्यांना वरण खारट लागलं आहे. मीठ दोघांनी घातलं, एकमेकांना विचारलं नाही. आमची चूक झाली. दुसऱ्या हंड्यातलं वरण येतंय, ते चांगलं आहे, मी चाखलंय.”

वरबापाचा घास हातातच राहिला. बहिणीचं लग्न आता मोडतं की उद्या मोडतं एवढाच प्रश्न उरला, असं मला वाटलं. वरबाप एकदम खदखदून हसले. “पंचवीस वरीस मी पंगतीस्मा जेवी ऱ्हायनू,” ते म्हणाले, “आजपावत माले कोनी इचारं नही, का जेवन कसं शे. लई या तो दुसरा हंडा!” त्या वरणावर वऱ्हाड तुटून पडलं. पण माझ्या वडिलांनी पुढचे कित्येक महिने भाई समोरून येताना दिसला की रस्ता बदलला.

त्याला नोकरी लागली हा आमच्यासाठी आणखी एक धक्का. तालुक्याच्या गावी राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या एका शेठजींचं कापसातली सरकी काढायचं जीन होतं. शेठजींनी कुठेतरी ऐकलं होतं की मुंबईच्या मोठ्या गिरण्यांत असा एक जनसंपर्काचा अधिकारी असतो, तेव्हा आपल्याकडेही असावा. भाईसाठी टेबल-खुर्ची आली, दारावर पाटी लागली. पहिल्याच दिवशी भाईनं खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्या उभ्या राहत तिथे नेऊन ठेवली. “लोक बाहेर आहेत, मी आत बसून काय करू?” असं त्यानं शेठजींना विचारलं. गाडीवाले, हमाल, सातपुड्यातून हंगामापुरत्या उतरलेल्या भिल्ल बाया-बाप्ये, सगळ्यांशी तो बोले. रविवारी मोलगीकडच्या माणसांकडून त्यांच्या बोलीतले शब्द विचारून वहीत लिहून घेई, आणि सोमवारी ते चुकीचे वापरून त्यांना हसवी. शेठजी खूष होते. फाटकावरची भांडणं कमी झाली होती.

आणि मग ते घडलं. मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरची बाई यंत्रात कापूस सारत होती. तिचा उजवा हात रुळांत गेला आणि तीन बोटं गेली. मी त्या दिवशी योगायोगानं भाईकडे डबा घेऊन गेलो होतो. तिची किंकाळी ऐकून कुणीतरी यंत्र थांबवलं. पांढऱ्या कापसावर ते लाल पाहून मी फाटकाशी जाऊन ओकलो. भाईनं आपलं धोतर फाडून तिचा हात बांधला आणि गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी त्याला बोलावलं. धुळ्याच्या साप्ताहिकाला निवेदन द्यायचं होतं. बाई निष्काळजीपणे वागली, असं लिहायचं होतं. भाई म्हणाला, “रुळांपुढची जाळी तुम्ही दिवाळीपासून काढून ठेवलीय. काम भरभर व्हावं म्हणून.”

“अरे भाया, ते मला माहीत आहे,” शेठजी म्हणाले. “लोकांना कशाला माहीत पाहिजे?”

भाईनं निवेदन लिहिलं. रीत अशी, की ते शेठजींना दाखवून धुळ्याला पाठवायचं. यानं ते फाटकावर खुर्चीवर उभं राहून गाडीवाल्यांना आणि मजुरांना वाचून दाखवलं. ‘यंत्राची जाळी मालकांनी काढली होती. बाईची चूक नाही. कारखान्याला खेद आहे.’ एवढीच तीन वाक्यं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी घोषणा दिली नाही. शेठजी दारात उभे होते, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. भाईनं खाली उतरून खुर्ची उचलली, आत नेऊन टेबलाला लावली, आणि स्वतःच पाटीचे खिळे काढले. त्याला कुणी काढून टाकण्याचीही गरज उरली नाही. धुळ्याला ते निवेदन कधी छापून आलं नाही.

घरी आत्या रडली. आतोबा एवढंच म्हणाले, “मी सांगेल व्हतं.” मला वाटलं आता तरी हा गप्प बसेल. पण चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. बाईला तिचे लोक घरी घेऊन गेले होते. “तिच्या माणसांना सांगायला हवं,” तो म्हणाला. “त्यांना वाटत असेल तिचीच चूक.” अक्कलकुव्यापर्यंत आम्ही मोटारीनं गेलो आणि पुढे चढत गेलो. मला धाप लागत होती, आणि मनात भीती होती की हे लोक आम्हांला बांबूनं झोडपतील. झोडपलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता.

बाई झोपडीसमोर बसली होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. तिचा भाऊ पुढे आला. तो दरसाल खाली कामाला येई, त्याला अहिराणी येत होती. त्यानं विचारलं, “तू कोना माणूस? शेठना का?”

“आते कोनाच नही,” भाई म्हणाला.

“मंग इतला वर कसाले उना?”

“सांगाले. तुन्ही बहीननी चूक नव्हती. जाळी काढेल व्हती.”

भावानं ते बाईला त्यांच्या बोलीत सांगितलं. ती इतका वेळ जमिनीकडे बघत होती, तिनं मान वर केली. दोघं काही बोलले. मग भावानं विचारलं, “ती इचारी ऱ्हायनी, आते जाळी बसाडी का? तिन्हा जागावर तिन्ही जाऊबाई काम करी.”

भाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “माले माहीत नही,” तो म्हणाला. आपण इतकं बोललो, इतकं वर आलो, आणि हेच विचारून आलो नाही, याची शरम उतरताना त्याच्या पाठीवर दिसत होती.

तालुक्याच्या गावी उतरताच तो घरी न जाता थेट शेठजींच्या गादीशी गेला, आणि मी मागोमाग. शेठजी त्याला बघून आ वासून राहिले. नोकरी गेलेला माणूस मागणं मागायला येतो, तसा हा आला असं त्यांना वाटलं असावं. भाईनं विचारलं, “जाळी बसवली का?”

“बसवली,” शेठजी म्हणाले. “सगळ्या यंत्रांना. तू वाचून दाखवलंस, दुसऱ्या दिवशी एक बाई आत पाऊल टाकेना.” थोडं थांबून ते म्हणाले, “तुला परत घेणार नाही मी. सांगून ठेवतो.”

“घेऊ नका. तिला घ्या, पाणी वाटायला. ओंजळीत पाणी घालायला पाच बोटं कशाला लागतात?”

शेठजींनी आत हाक मारून दोन कप चहा मागवला. पुढच्या हंगामात ती बाई फाटकाजवळच्या रांजणावर पाणी देताना मला दिसली. पण ते पुढचं. त्या दिवशी चहा पिऊन झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भाईनं पायांतल्या वहाणा झटकल्या आणि म्हणाला, “मी परत जाऊन येतो. जाळी बसली म्हणून सांगायचं राहिलंय.” आणि तो गेला, एकटाच, ते एक वाक्य सांगायला.

त्या पदवीवर त्याला पुन्हा कुठे नोकरी मिळाली नाही. काही वर्षांनी तोरणमाळला मुलांच्या एका वसतिगृहावर तो व्यवस्थापक म्हणून गेला आणि तिथलाच झाला. एकदा हिवाळ्यात मी त्याला भेटायला घाट चढून गेलो. अंगणात उन्हाला पाड्यावरची पाच-सहा माणसं बसली होती. एक म्हातारा आपल्या हरवलेल्या गाईची गोष्ट सांगत होता, आणि ती फार लांबली होती. भाई गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होता. ना वही, ना पेन्सिल, मध्ये बोलणं नाही. म्हातारा उठून गेल्यावर मी त्याला म्हणालो, “काय रे, तू इतका गप्प कधीपासून झालास?”

तो हसला. “तीन वर्षं शिकलो, पण हा पेपर तिथे नव्हता,” म्हणाला. “इथे चालू आहे अजून.”

संध्याकाळच्या आत घाट उतरायचा म्हणून मी लवकर निघालो. तो पहिल्या वळणापर्यंत पोचवायला आला. मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. त्या वळणावर मला त्याला एवढंच सांगायचं होतं की भाई, तू केलंस ते बरोबर केलंस, आणि हे आमच्यापैकी कुणीच तुला कधी सांगितलं नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, “थंडी फार आहे, कानाला बांधत जा.” तो बरं म्हणाला. मी खाली उतरत राहिलो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो तिथेच, थोडा पुढे वाकून उभा होता.