अकरा सेकंदांची गिटार

लीड्समधला बस ड्रायव्हर सिरिल ओकडेन यानं तरुणपणी एका गाण्याच्या सुरुवातीची गिटार वाजवली होती. अकरा सेकंद. गाणं देशभर गाजलं, पण रेकॉर्डवर त्याचं नाव छापलंच नाही. त्याचं त्याला एवढं काही वाटत नसे. त्याचं डोकं फिरायचं ते रेडिओवरच्या निवेदकांमुळे. गायक तोंड उघडेपर्यंत हे लोक त्या गिटारवर हवामान नाहीतर फुटबॉल बडबडत राहायचे.

"मेल्यांनो, अकरा सेकंद गप्प बसा की!" सिरिल चहाचा मग आपटून ओरडायचा.

"माझ्या कानाशी कशाला बोंबलतोस? त्यांना लिही!" बायको मॉरीन एकदा वैतागून म्हणाली.

त्यानं चार पानं खरडली. शनिवारी सकाळी रेडिओवर निवेदक केनी म्हणाला, "ओकडेनसाहेब, पत्र मिळालं. हे खास तुमच्यासाठी!"

सिरिलनं किटलीखालचा गॅससुद्धा बंद केला. पहिला सूर उमटला, आणि पाठोपाठ केनी.

"मंडळी, ही गिटार नीट ऐका हं! वाजवणारे आपल्याच लीड्सचे सिरिल ओकडेन! काय ती बोटं, काय ती जादू! इतकी वर्षं आपण या माणसाला..."

गायक गायला लागला, तेव्हा कुठे केनी थांबला.

मॉरीननं डोळे पुसले. "किती छान बोलला रे!"