आबांनी पुजलेलं पिस्तूल

मंडळींनो, आज तालमीला बसण्याआधी मंडळाचा हा फळा पूर्ण वाचा आणि मग मला हसा.

उद्याच्या दसऱ्याच्या नाटकात इन्स्पेक्टरच्या हातात द्यायचं पिस्तूल मी लोणावळ्याच्या बाजारातून आणलं होतं. सिनेमातल्यासारखं दिसणारं खेळणं, लाल पत्र्याचं, बाजूला पिवळा तारा. आठ दिवस मी त्यावर राबलो. मुठीला सागाची पट्टी बसवली, तेलात काजळी खलून तीन हात दिले आणि वाळायला फडताळात ठेवलं.

आज खंडेनवमी. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, पूजेसाठी कोयते आणि विळे धुवायला काढले, त्यांच्याबरोबर पिस्तूलही. चिंच आणि राख लावून घासलं. मी घरी आलो तेव्हा ते पाटावर झेंडूच्या फुलांत लालभडक बसलं होतं, ताऱ्यासकट.

"आबा, हे खेळणं हाय."

"व्हय, घासल्यावर कळलं. तवर मला खरंच वाटलं."

"मग द्या की. आत्ता रंगवलं तर उद्यापतुर वाळंल."

"पुजल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत. उद्या सकाळी घे."

सकाळी दिलेला रंग संध्याकाळपर्यंत कसा वाळणार? तारा दिसला की लोक हसणार, आणि नाव माझं निघणार.

खेळणं आहे हे कळूनही त्यांनी ते पुजलं, याचा मला जास्त राग आला. आठ दिवस काजळी फासून मला जे जमलं नाही, ते त्यांच्या चिमूटभर कुंकवाने झालं. आता तुम्हीच सांगा, उद्या ओल्या रंगाचं पिस्तूल देऊ की कुंकवाचं?