एकेचाळीस वेळा ‘मी’

लमजद मास्तर, म्हणजे आदरानं सगळ्यांचे ‘सी लमजद’, निवृत्त झाले, तरी काफ गावातली निम्मी माणसं त्यांना पाहिलं की अजून सांभाळून बोलतात. छत्तीस वर्षं अरबी व्याकरण शिकवलेला माणूस. दुकानाच्या पाटीवरची चूकही भांडून पुसून घेणारा. त्यांच्या सहीमागं दहा सह्या येतात म्हणतात. आणि नेमकं तेच आता त्यांच्या मुळावर आलं होतं.

राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं तर उमेदवाराला हजारो नागरिकांच्या सह्या लागतात, आणि एका माणसानं एकाच उमेदवाराला सही द्यायची. लेकीनं, सिहेमनं, सकाळी एका उमेदवाराचा तसला कागद त्यांच्यापुढं ठेवला. सोबत त्याचा जाहीरनामा. दहा वर्षांवर बेकार असलेल्या पदवीधरांना पहिल्याच आठवड्यात सरकारी नोकरी! सिहेम रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेली. अकरा वर्षं घरीच होती.

दुपारपर्यंत म्हाताऱ्यानं जाहीरनामा लाल शाईनं रंगवून टाकला. कॉफी निवून गेली, जेवणात लक्ष नाही.

"सिहेम, एकेचाळीस वेळा ‘मी’ आहे यात! मी देईन, मी काढीन, मी ठरवीन. संसद कुठंय? न्यायालय कुठंय?"

"संसद आडवी आली तर बरखास्त करीन म्हणालाय. तिनं तरी काय दिवे लावले आजवर?"

"अगं, एका फटकाऱ्यात नोकरी देणारा त्याच फटकाऱ्यात काढूनही घेईल."

"काढून घ्यायला आधी हातात काही असू दे की, बाबा! तुमचं बरंय, महिन्याला पेन्शन येतंय. भरल्या पोटी सुचतं व्याकरण."

वर्मी लागलं. सी लमजद गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा गेले. संसदेची बाजू घ्यावी, तर तिथल्या भांडकुदळांनी खरंच काही दिवे लावले नव्हते. आणि पोरगी? चाळिशीला टेकली, ‘सध्या काय करतेस’ विचारतील म्हणून नात्यातल्या लग्नालाही जात नाही. बापाचं काळीज ते, तत्त्वाला किती वेळ धरून बसणार!

दुपार कलली, असरच्या नमाजाची अजान झाली तसे ते आत आले आणि उभ्याउभ्याच सही ठोकली. स्वतःचीच चीड आली त्यांना.

"घे. तुझ्या कागदासोबत देऊन टाक."

सिहेमनं हात पुढं केला नाही.

"माझा कोराच आहे, बाबा." तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुम्ही तरी नाही म्हणाल."