सब्जाची पुडी आणि टोरांटोचा मलिदा

टोरांटोच्या विमानतळावर माझी पहिली गाठ पडली ती एका साहेबाच्या नाकाशी. त्याने माझ्या पिशवीतून सब्जाच्या वाळलेल्या पानांची पुडी काढली, हुंगली आणि दुसऱ्या साहेबाला बोलावले. आम्हा बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी) लोकांत मलिद्याच्या (भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मांडलेले नवसाचे ताट) वेळी सब्जा लागतो. कॅनडात तो कुठला मिळायला, म्हणून रेवदंड्याच्या आमच्या परसातला वाळवून नेला होता. मला इंग्रजी येत नाही. येत असते तरी मी बोलले नसते. चारचौघांत माझे तोंडच उघडत नाही. शेवटी फरशी पुसणारी एक पंजाबी बाई पुढे आली. मला हिंदीत विचारून तिने साहेबाला समजावले, की ही पूजेची पाने आहेत. जाताना मला म्हणाली, "गांजा समझ रहा था, बहनजी."

माझी भावजय सिपोरा न्यायला आली होती. मोटारीत मी हा किस्सा हसत हसत सांगितला. ती हसली नाही. तिने मोटार रस्त्याच्या कडेला घेतली आणि रडू लागली.

"वन्सं, हे विनिपेगला नोकरीसाठी नाही गेले. नशा सोडवतात त्या घरात आहेत."

आणि मी तर माझ्या भावाच्या, सॅमसनच्या, त्याच नोकरीचा नवस फेडायला आले होते.

वाटेत एका बाजूला वॉन या उपनगरातली मोठमोठी गोदामे लागली. त्यातल्याच एका गोदामात माझा भाऊ रात्रपाळीला खोकी उचलायचा. पाठ धरली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्या बंद झाल्या, पण पाठ दुखायची थांबली नाही. गोदामाच्या दारातच गोळ्या विकणारा एक जण भेटला, पुढे त्याच्याकडूनच सुई आली. नवरा-बायकोच्या पाळ्या उलटसुलट, त्यामुळे कळायला सिपोराला फार उशीर झाला. त्याची नोकरी गेली तशी तिने माणसेही टाळायला सुरुवात केली. आपली माणसे तिथे मूठभर. एकाला कळले की सगळ्यांना कळणार, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला कोणी बोलावले की ती सांगायची, ते शिफ्टला गेलेत.

सॅमसनचे त्या नशा सोडवण्याच्या घरातले दिवस संपत आले होते. त्याला आणायला आम्ही दोघी आगगाडीने विनिपेगला निघालो. दोन रात्रींचा प्रवास. झाडे आणि गोठलेली तळी, पुन्हा झाडे आणि तळी. माणूस दिसेल तर शपथ. गाडीच्या जेवणाच्या डब्यात आमच्या धर्मात चालेल असे काही नव्हते, म्हणून सिपोराने केलेल्या आंबोळ्या आणि उकडलेली अंडी खाल्ली. एका लहान स्टेशनावर बर्फ बघायला उतरले, तर चप्पल बर्फाच्या चिखलात रुतून राहिली. समोरच्या म्हाताऱ्या मडमेने आपले लोकरीचे मोजे काढून मला दिले. मी मान डोलावली, तिनेही डोलावली.

मला वाटत होते, नशेच्या घरात केस वाढवलेली, आईबापांना सोडून आलेली पोरे असतील. तशी दोघे-तिघे होतीही. पण एका डॉक्टरची बायको होती, लाकडाच्या गिरणीतला एक कामगार होता, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. प्रत्येकाची कहाणी एखाद्या दुखण्यापासून नाहीतर एकटेपणापासून सुरू होत होती. भाऊ वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते.

ते घर चालवणारी बाई दणकट होती. तिचे बोलणे सॅमसनच मला मराठीत सांगत होता. "ती म्हणते, अंगातून नशा काढणं आमचं काम. पण हा पुन्हा लपूनछपून राहिला, तर..." पुढचे त्याने सांगितले नाही. मला समजले.

परतीच्या गाडीत सिपोराने ठरवून टाकले होते, की पुन्हा टोरांटोला बदली झाली असे लोकांना सांगायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा ठासून बोलले. "नवस मी बोललेय. मलिदा होणार, आणि सगळ्यांना बोलवायचं."

"ताई, नवस कशाचा ते विचारतील," सॅमसन म्हणाला.

"विचारू देत."

त्यानंतर तो दिवसभर खिडकीबाहेर बघत होता.

मलिदा बेसमेंटमध्ये (तळघरात) मांडला. वाटल्यापेक्षा जास्त मंडळी आली आणि पोहे कमी पडले, म्हणून सिपोराने त्यात ओट्स मिसळले. प्रार्थना सांगणारे हजान शालोमकाका ताटात डोकावून म्हणाले, "असू दे. एलियाहू हन्नाबींना आता कॅनडाची सवय झाली असेल." सगळे हसले. मग त्यांनी पुरुष मोजले. आमच्यात पुऱ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊच भरले.

"दहावा कुठाय? आणि नवस कशाचा?"

सॅमसन वरच्या वॉशरूममध्ये कडी लावून बसला होता. सिपोरा घाईने म्हणाली, "नोकरीचा, काका. विनिपेगच्या."

जिना वाजला. सॅमसन खाली आला, डोक्यावर टोपी घालून.

"नोकरीचा नाही, काका. मी नशा करत होतो. सुया टोचून घेत होतो. विनिपेगला ती सोडायला गेलो होतो. आज सुटलेली आहे. उद्या पुन्हा सोडायचीय."

सिपोराने माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली. शालोमकाका सरकले आणि शेजारची जागा थोपटून म्हणाले, "मग इथं बैस. एवढा मोठा नवस या ताटाने अजून पाहिला नसेल."

त्या दिवशी प्रार्थनेचा आवाज असा चढला, की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिन्यात येऊन उभा राहिला. त्यालाही मलिदा दिला. सब्जाची पुडी हातोहात फिरली. सॅमसनने ती हुंगली, माझ्याकडे पाहिले आणि फार दिवसांनी खळखळून हसला. विमानतळाचा किस्सा सिपोराने त्याला सांगितला होता.

भांडी घासताना आलेल्या मंडळींतल्या फ्लोराबाई सिपोराजवळ आल्या. सिपोराला सगळ्यांत जास्त धास्ती त्यांचीच होती. त्या हळूच म्हणाल्या, "त्या घराचा पत्ता मला दे गं. माझ्या लेकीसाठी, रूथसाठी."

मी रेवदंड्याला परतले तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावर वाटच बघत होत्या. भाऊ तिकडे काय करतो, म्हणून त्यांनी विचारले. एरवी मी 'बरं चाललंय' म्हणून आत गेले असते. त्या दिवशी पिशवी खाली ठेवली.

"नशेत अडकला होता, काकू. चारचौघांसमोर उभा राहून त्याने ते सांगितलं. बसा, सगळं सांगते," मी म्हटले, आणि ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले.