चालायचा खर्च, थांबायचा खर्च

विमलअक्का माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दाराशी चपला काढल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या रिकाम्या मिनीबसमध्ये चढल्या आणि सरळ पत्र्यावर आडव्या झाल्या. मला वाटलं, बाईंना भोवळ आली. वेल्डिंग थांबवून मी धावत गेलो, तर अक्का डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या.

"भो, आडवं व्हता येस का नही, हाई पहिले देखानं," त्या म्हणाल्या. "बाकी बठ्ठं मांगून." म्हणजे बाकीचं सगळं नंतर.

धुळ्यात माझं गाड्यांची बॉडी बांधायचं काम आहे. शाळेच्या गाड्या, रुग्णवाहिका, दुधाचे टेम्पो हे सगळं करून झालं होतं. पण गाडीतच कायमचं राहायचं आहे, तसं घर बांधून द्या, म्हणून कोणी आलं नव्हतं. अक्का सरकारी नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पहूर, पारोळा, एरंडोल, जिथे बदली झाली तिथल्या क्वार्टरमध्ये राहिल्या, त्यामुळे स्वतःचं घर कधी झालंच नाही. नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतला. धाकटा भाऊ दगडू आयुष्यभर ट्रक चालवत होता; लग्न केलं नाही आणि केबिनमध्ये झोपायची इतकी सवय, की खोलीत त्याला झोप लागत नसे. निवृत्तीनंतर घर कुठे बांधणार, असं जो तो अक्कांना विचारू लागला, तेव्हा त्यांनी भावाला विचारलं आणि दोघांनी मिळून गाडी घ्यायचं ठरवलं.

मी हौसेने प्लायवूड, पडदे, छोटा फ्रीज असं सांगू लागलो. अक्कांनी पिशवीतून एक वही काढली. डाव्या पानावर लिहिलं होतं 'चालायचा खर्च', उजव्या पानावर 'थांबायचा खर्च'. डिझेल, टोल, टायरची झीज डावीकडे. गॅस, किराणा, फोन, औषधं उजवीकडे. विमा आणि टॅक्स वर्षातून एकदाच भरायचे, पण त्यांचे बारा भाग करून महिन्याला बाजूला काढायचे होते; तसेच दुरुस्तीचे आणि औषधपाण्याचेही. गाडीत बदल केला की परिवहन कार्यालयात तिचे कागद नव्याने करून घ्यावे लागतात, त्याचेही पैसे त्यांनी धरले होते. गिऱ्हाइकाला ही गोष्ट मी सहसा शेवटी सांगतो, कारण ती ऐकून गिऱ्हाईक पळतं.

"फ्रीज नको," त्या म्हणाल्या. "माठ बसेल अशी जागा करा. माठाला करंट लागत नाही."

एवढी वही कशावरून भरली, असं मी विचारलं. तेव्हा सोबत आलेल्या दगडूभाऊंनी हसत हसत सांगितलं. पारोळ्याच्या भाड्याच्या खोलीत अक्कांनी खडूने गाडीएवढा चौकोन आखला होता आणि महिनाभर दोघं त्या चौकोनात राहिले होते. झोपणं, स्वयंपाक, जेवण, सगळं रेषेच्या आत. पाणी दिवसाला वीस लिटर. चौथ्या दिवशी भाऊ रेषेबाहेर पाय टाकून बसले तर अक्का म्हणाल्या, "दगडू, तू रस्तावर पडना. मधमा ये."

त्या महिन्यात त्यांना एक नवा खर्च सापडला. जागा लहान, त्यामुळे भाऊ कंटाळून दिवसातून तीनदा चहाला बाहेर जात, येताना भजी आणत. अक्कांनी वहीत एक ओळ वाढवली : 'कंटाळा'. तिच्यापुढे रोजचे चाळीस रुपये. "हा खर्च धरला नाही तर तो चोरून होतो," त्या मला म्हणाल्या. माझ्या घरखर्चाला ही ओळ आयुष्यभर नव्हती, हे त्या दिवशी कळलं.

त्यांनी तीच मिनीबस घेतली आणि दीड महिन्यात गाडी तयार झाली. नारळ फोडला आणि दोघं निघाले. पहिल्या दोन महिन्यांत डिझेलने पेन्शनचा निम्मा भाग खाल्ला. दगडूभाऊंच्या पायाला सवय तशीच, सकाळी उठले की गाडी सुरू. अक्कांनी नियम केला : एक दिवस चालायचं, दहा दिवस थांबायचं. मला फोनवर म्हणाल्या, "गाडी उभी शे, तवय आपन श्रीमंत."

मग त्यांचं आयुष्य छान मार्गी लागलं. उन्हाळ्यात तोरणमाळला, थंडीत सातपुड्याच्या पायथ्याशी, मधे पद्मालयाच्या तळ्याजवळ. कोणाच्या जागेत उभं राहायचं तर आधी विचारायचं आणि थोडेफार पैसे द्यायचेच. मालक पैसे नको म्हणाला, तरी द्यायचे. "फुकट राहिलं की जायची तारीख दुसरा ठरवतो," हे अक्कांचं म्हणणं. गावातल्या म्हाताऱ्यांचं ब्लड प्रेशर मात्र त्या फुकट तपासून द्यायच्या.

दीड वर्षाने गिअरबॉक्स गेला. शिरपूरच्या पुढे घाटात गाडी अडली. टोचन लावून, दुसऱ्या गाडीने ओढत खाली आणली आणि मला फोन आला. मी जाऊन पाहिलं. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या पैशांपेक्षा वीस हजार जास्त लागणार होते. दगडूभाऊ रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. गाडी आपल्या हातून बिघडली, याचं त्यांना लागलं होतं.

"अक्का, दवाईना पैसा शेत ना? त्यासले हात लाव. मांगून भरी देसूत."

"दवाईना पैसाले हात लावाना नही."

"मंग गाडी कशी चाली?"

"नही चाली. घाई कोनले शे?"

मी म्हणालो, मजुरी सावकाश द्या. ते अक्कांनी मानलं नाही. गाडी टोचनने यावलकडच्या एका केळीच्या बागेत नेली. बागेच्या मालकाच्या आईला अक्कांनी पूर्वी कधी इंजेक्शनं दिली होती. विहिरीजवळ जागा मिळाली, महिन्याचं भाडं ठरलं आणि दोघं साडेचार महिने तिथेच राहिले. डिझेलचे वाचलेले पैसे महिन्या-महिन्याने दुरुस्तीच्या खात्यात जात होते.

त्या दिवसांत मी बायकोला घेऊन गेलो होतो. मनात होतं, अडकून पडलेल्या माणसांना धीर द्यावा. तिथे दगडूभाऊ पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते आणि अक्का चुलीवर वांगी भाजत होत्या. भरीत-भाकरी खाऊन आम्ही संध्याकाळपर्यंत लोळलो. परतताना बायको म्हणाली, "धीर द्यायला आपण आलो होतो ना?"

पाचव्या महिन्यात नवा गिअरबॉक्स बसला. वीस हजारही अक्कांनीच भरले.

पुढे वर्षभर ते फिरले. एका सकाळी जळगावजवळ दगडूभाऊंच्या छातीत कळ आली. अक्कांनी नाडी पाहिली, रिक्षा बोलावली आणि तासाभरात त्यांना दवाखान्यात पोचवलं. औषधाच्या पैशांनी सगळं निभावलं. कोणापुढे हात पसरावा लागला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं मात्र कायमचं बंद केलं.

सुरतहून मुलगी आली. खाटेजवळ बसून म्हणाली, "आई, आता माझ्याकडे चला, दोघंही. आता आहे काय तुमच्याकडे?" ती चिडून नाही, काळजीनेच म्हणाली होती. दगडूभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी भेटायला आलो होतो, तिथेच उभा होतो.

अक्कांनी वहीचं शेवटचं पान उघडून लेकीपुढे धरलं. वर लिहिलं होतं, 'परत यायचा खर्च'. एका खोलीची अनामत, सहा महिन्यांचं भाडं, दोन खाटा, एक पंखा. पहिल्याच महिन्यापासून त्या हे पैसे साठवत होत्या आणि भावाजवळही बोलल्या नव्हत्या.

"अक्का, तुले मालूम व्हतं?" दगडूभाऊंनी विचारलं.

"तू बी म्हतारा व्हशी, मी बी. ते तं मालूम व्हतंच ना."

लेकीने वही मिटली आणि आईचा हात हातात घेतला. सुरतला दिवाळीत आठ दिवस यायचं, एवढं तिने कबूल करून घेतलं.

एरंडोलला खोली मिळाली. गाडी माझ्या शेडमधूनच विकली गेली, एका शिक्षक जोडप्याला. चावी देण्याआधी अक्कांनी ओटा पुसला, माठ उतरवून घेतला आणि त्या दोघांना अर्धा तास बसवून टायर कधी बदलायचे ते सांगितलं. गाडी फाटकाबाहेर पडली. मी विचारलं, "अक्का, वाईट वाटत असेल ना?"

"वाईट कसाले? पोटभर जेवनूत ना भो? मंग आते ताट उचलानं."

एवढं बोलून त्यांनी माठ कडेवर घेतला, दुसऱ्या हाताने भावाचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून दोघं एरंडोलच्या बसची वाट बघत उभे राहिले.