आकडे हलू पायजेत

काय सांगू, माझ्या हुशारीनं एकदा कापडाचा अख्खा लॉट बुडवला!

बोईसरच्या एका रंगाई कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून नवा लागलो होतो. नव्वदीची सुरुवात. कुठला रंग किती ग्रॅम घालायचा ते एक प्रोग्राम सांगायचा. एक आकडा दिसायचा, मग मिनिटभरानं तो पुसून त्याच जागी दुसरा. साहेब म्हणाले, याला पळवून दाखव, नोकरी पक्की करतो.

मला चैन पडेना. हा अडतो कुठं? खोदत गेलो, तर पठ्ठ्या दर आकड्याला फ्लॉपीवरची रंगांची सगळी यादी पहिल्यापासून वाचत होता! म्हणजे चिमूटभर मिठासाठी दर वेळी बाजार गाठायचा. मी यादी एकदाच वाचून मेमरीत ठेवली, पुन्हा कंपाइल केलं. पंधरा मिनिटांचं काम दोन मिनिटांत!

दुसऱ्या दिवशी तांडेलकाका आले. हे जवळच्या दांडी गावचे, पडद्यावर बघून रंग तोलणारे. मला म्हणाले, "साहेब, आकडे हलू पायजेत."

मी साताऱ्याचा. मला वाटलं, आकडे अजून अडकतायत, हलत नाहीत. म्हटलं, हलवतो की! आणखी दोन दिवस गणितं छाटली, कंपायलरला सांगितलं, जमेल तेवढं पळव. आता एंटर दाबलं की आकडे डोळ्यांसमोरून भुर्रकन गायब.

संध्याकाळी आकाशी कापड वांगी रंगाचं निघालं.

साहेबांसमोर काका शांतपणे म्हणाले, "आमी सांगला व्हता ना, हलू पायजेत. सावकाश! एक तोलून व्हत नाय तवर दुसरा हाजर हाय."

अरे देवा. हलू म्हणजे हळू! दांडीच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, हे मला कोण सांगणार?

मग काकांनीच सुचवलं, बटन दाबल्याशिवाय पुढचा आकडा दाखवू नका. एका ओळीचं काम. साहेब घड्याळ लावून उभे राहिले. काकांनी तोललं, दाबलं, तोललं, दाबलं. किती लागली? पंधरा मिनिटं!

"मग तू पळवलंस काय?" साहेबांनी विचारलं.

काका म्हणाले, "साहेब, पयले आमी या प्रोग्रामच्या तालावर चालत व्हतो. आता तो आमच्या तालावर चालते."

साहेबांना हसू आवरेना. त्या एका वाक्यावर माझी नोकरी पक्की झाली. पत्र हातात देताना त्यांनी एवढंच बजावलं, यापुढं इथं काहीही पळवायचं नाही.